व्याख्यान झाले, पुढे काय?

फेब्रुवारी महिना उजाडला की संशोधन संस्थांत काम करणाऱ्या माणसांना शाळा-महाविद्यालयांतून निमंत्रणे येऊ लागतात. रामन परिणामाच्या शोधाची आठवण म्हणून २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो आणि त्या आठवड्यात निदान एक तरी व्याख्यान व्हावे असा बहुतेक ठिकाणी प्रघात आहे. निमंत्रणाचा मजकूरही जवळजवळ ठरलेला असतो. तारीख, वेळ, विद्यार्थ्यांची अंदाजे संख्या, आणि शेवटी, "विषय आपल्या सोयीने ठरवावा, मात्र मुलांना माहीत नसलेले काहीतरी नवीन असावे."

ही शेवटची अपेक्षा अगदी रास्त आहे. अभ्यासक्रमात नसलेला विषय मुलांच्या कानावर पडावा, तो प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या तोंडून पडावा, यासाठी धडपडणारे शिक्षक गावोगावी आहेत. सभागृह मिळवणे, प्रोजेक्टर चालू अवस्थेत असल्याची खात्री करणे, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे हे सारे ते आपला तास सांभाळून करतात. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनच या लेखात एक तक्रार मांडायची आहे. अपरिचित विषयावरील व्याख्यान आपण ज्या पद्धतीने आयोजित करतो, त्या पद्धतीत विषय अपरिचितच राहण्याची व्यवस्था असते. विषयाची ओळख होत नाही, फक्त पाहुण्यांची होते.

दीड तासाचा हिशेब

दीड तासाच्या एखाद्या नेहमीच्या कार्यक्रमाचा हिशेब मांडून पाहा. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत आणि आभार. यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. उरलेल्या वेळात वक्त्याने आपल्या क्षेत्राचा इतिहास, आजची स्थिती आणि भविष्य सांगायचे. मग सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहत म्हणतात, "वेळेअभावी एक किंवा दोनच प्रश्न घेऊ." पहिली रांग शिक्षकांची असल्याने ते एक-दोन प्रश्नही तिथेच संपतात. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राला छायाचित्र जाते, वार्षिक अहवालात एक ओळ वाढते आणि कार्यक्रम 'यशस्वी' होतो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून शुक्रवारच्या संध्याकाळी व्याख्याने होत आली आहेत. तिथला रिवाज असा की ठरल्या वेळेचा ठोका पडला की वक्ता सभागृहात येतो आणि थेट विषयाला हात घालतो. त्याचा परिचय करून दिला जात नाही. तासाभराने त्याने थांबायचे. हा रिवाज आपण जसाच्या तसा उचलावा असे नाही. पाहुण्याचे स्वागत ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण परिचयाची दहा मिनिटे प्रश्नोत्तरांच्या वाट्यातून जातात हे निदान आयोजकाच्या लक्षात असावे.

अर्थात वेळ वाचवला म्हणजे काम झाले असेही नाही. समारंभाला पूर्ण फाटा दिला आणि वक्ता उत्तम असला, तरी खरी अडचण शिल्लक राहते. कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याने विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाला वाहून घेतले. त्याने केलेली एक साधी चाचणी २००७ मधील एका लेखात नोंदवली आहे. व्याख्यानात त्याने सहज न सुचणारी एक वस्तुस्थिती चित्राच्या आधारे स्पष्ट करून सांगितली आणि पंधरा मिनिटांनी तीच श्रोत्यांना विचारली. सुमारे दहा टक्के विद्यार्थ्यांनाच ती सांगता आली. विद्यार्थीच कच्चे असतील अशी शंका नको म्हणून त्याने हाच प्रयोग अमेरिकेतील एका नामांकित भौतिकशास्त्र विभागात, प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थ्यांसमोर केला. तिथेही आकडा दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला.

विषय जवळचा असलेल्या तज्ज्ञांची ही कथा. मग ज्या मुलीने 'क्वांटम' हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, तिच्या वहीत चाळीस स्लाइड्सनंतर काय उरत असेल?

मार्सेटबाईंचा अनुभव

या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच एका श्रोत्या बाईंनी देऊन ठेवले आहे. रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ मध्ये स्थापन झाली आणि १८०१ मध्ये हम्फ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ तिथे दाखल झाला. त्याची प्रयोगांसह व्याख्याने म्हणजे लंडनमधील मोठे आकर्षण. श्रोत्यांच्या घोडागाड्यांची इतकी गर्दी होई की त्या रस्त्यावर एकाच दिशेने वाहतूक ठेवावी लागली, असे सांगतात. रसायनशास्त्र तेव्हाच्या सुशिक्षितांनाही नवखे होते.

या श्रोत्यांत जेन मार्सेट होत्या. त्यांनी १८०५ च्या सुमारास रसायनशास्त्रावर संवादरूपाने एक पुस्तक लिहिले. त्यात मिसेस बी या शिक्षिका आणि कॅरोलाइन व एमिली या दोन विद्यार्थिनी बोलत असतात. पुस्तकाच्या प्रस्तावनेत बाईंनी प्रांजळपणे सांगितले आहे की, पहिल्यांदा अशी व्याख्याने ऐकली तेव्हा झपाट्याने होणाऱ्या त्या प्रयोगांतून स्पष्ट असे काहीच हाती लागत नव्हते. पुढे एका जाणकार स्नेह्याशी याच विषयावर गप्पा झाल्या, काही प्रयोग पुन्हा करून पाहिले. त्यानंतर तीच व्याख्याने त्यांना समजू लागली, आवडू लागली, आणि इतर श्रोत्यांपेक्षा आपण किती फायद्यात आहोत हे त्यांच्या लक्षात आले.

व्याख्यानाची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही. मार्सेटबाईंनी डेव्हीला दोष दिलेला नाही, आणि आपल्याला अक्कल कमी असेही म्हटलेले नाही. वक्ता तोच, विषय तोच, श्रोताही तोच. बदलले ते एवढेच की व्याख्यानाच्या आजूबाजूला बोलणे झाले आणि हाताने काही करून पाहणे झाले. नवा विषय डोक्यात शिरायला अगोदर एखादी खुंटी लागते. ती खुंटी पाहुणा वक्ता तासाभरात ठोकू शकत नाही. ती वर्गातच ठोकलेली असावी लागते.

इथे कोणी मायकेल फॅरडेचे उदाहरण देईल. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या या मुलाने १८१२ मध्ये डेव्हीची चार व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढून, बांधून ती डेव्हीला पाठवली आणि १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. एका व्याख्यानाने आयुष्य बदलते, याचा हा आवडता दाखला. दाखला खरा आहे, पण अर्धा. डेव्हीच्या सभागृहात पाऊल ठेवण्याआधी दोन वर्षे फॅरडे लंडनमध्ये जॉन टेटम नावाच्या गृहस्थांकडे एक-एक शिलिंग देऊन विज्ञानाची व्याख्याने ऐकत होता, तिथे जमणाऱ्या तरुणांशी वाद घालत होता आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचून जमतील ते प्रयोग करत होता. त्या पुस्तकांत मार्सेटबाईंचे पुस्तकही होते आणि त्याचे ऋण त्याने पुढे आयुष्यभर मानले. ठिणगी डेव्हीची खरी, पण सरपण दोन वर्षे वाळत पडले होते. आपण ठिणगीचा कार्यक्रम करतो आणि सरपणाची चौकशी करत नाही.

डॉ. फॉक्स यांचे व्याख्यान

पूर्वतयारी नसली तर मुलांना थोडे कमी समजेल, एवढेच नुकसान असते तर या विषयावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. धोका याहून मोठा आहे. तो समजण्यासाठी अमेरिकेतील एक गाजलेला प्रयोग पाहू.

१९७३ मध्ये नॅफ्टुलिन, वेअर आणि डॉनेली या तिघांनी तो प्रसिद्ध केला. वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित लोकांसमोर 'डॉ. मायरन फॉक्स' या विद्वानाचे व्याख्यान ठेवले गेले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धांताचा उपयोग. श्रोत्यांत मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते होते. डॉ. फॉक्स प्रत्यक्षात एक नट होता. त्याला विषयाचे ज्ञान नव्हते. गोलगोल बोलणे, नवे शब्द बनवणे, परस्परविरोधी विधाने करणे आणि मधूनमधून विनोद पेरणे याची त्याच्याकडून तालीम करून घेतली होती. व्याख्यान तासभर झाले, नंतर अर्धा तास प्रश्नोत्तरेही झाली. श्रोत्यांनी अभिप्राय चांगले दिले. व्याख्यानाची फीत आणखी दोन गटांना दाखवली. तिन्ही गटांतल्या एकूण ५५ जणांपैकी कोणीही बनवेगिरी ओळखली नाही. उलट डॉक्टरसाहेबांचे लेखन आपण पूर्वी वाचले असल्याचे एकाने नोंदवले!

प्रयोग लहान होता आणि तुलनेसाठी दुसरे खरे व्याख्यान ठेवलेले नव्हते, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. श्रोत्यांना विषय माहीत नसतो, आयोजकालाही तो माहीत नसतो, आणि कार्यक्रम कसा झाला हे अभिप्रायाच्या कागदावरून ठरते. तेव्हा खरा संशोधक आणि डॉ. फॉक्स यांच्यात फरक करण्याचे कोणतेच साधन आपल्या हाती राहत नाही. 'मुलांना खूप आवडले' हे वाक्य दोघांनाही सारखेच लागू पडते.

आपल्याकडे हे कल्पनेतले संकट नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवतो म्हणणारे, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि पुढची शाखा सांगणारे, 'क्वांटम' हा शब्द लावून कोणताही उपचार विकणारे लोक शाळा-महाविद्यालयांत व्याख्यान देऊन गेले आहेत. पट्टी बांधून वाचणारी मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात. ठशांच्या रेषा आणि बुद्धिमत्ता यांचा असा संबंध कोणत्याही विश्वासार्ह संशोधनात आढळलेला नाही. तरीही ही मंडळी व्यासपीठावर चढतात, कारण ज्या दारातून खरा पाहुणा येतो तेच दार त्यांनाही उघडे असते. दारावर विचारतात ते फक्त नाव, पदवी आणि बोलण्याची हातोटी. शाळेच्या फलकाखाली काढलेले त्यांचे छायाचित्र मग पुढच्या शाळेत पुरावा म्हणून दाखवले जाते. पालकांचे पैसे जातात. ज्याला ठशांवरून कला शाखा सांगितली गेली त्या मुलाचे काय जाते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

दारावर विचारायचे तीन प्रश्न

यावर शिक्षक म्हणतील, "विषय आम्हालाच माहीत नाही, तर आम्ही पारख कशी करणार?" शंका रास्त आहे. पण पारखायला विषयातले ज्ञान लागतेच असे नाही. काही वेळा योग्य प्रश्न पुरतो. निमंत्रण पक्के करण्यापूर्वी वक्त्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात.

पहिली: तुम्ही जे सांगणार आहात ते कशावरून कळले? कोणते निरीक्षण, कोणते मोजमाप? दुसरी: काय आढळले असते तर हे चुकीचे ठरले असते? तिसरी: या विषयात अजून काय कळलेले नाही? अर्धे पान उत्तर पुरे.

खऱ्या संशोधकाला हे प्रश्न आवडतात, कारण त्याचा दिवस याच प्रश्नांत जातो. तिसऱ्या प्रश्नाला तो बहुधा सर्वांत लांब उत्तर देईल. दुकान मांडणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न अडचणीचा वाटतो. त्याचे म्हणणे कशानेच चुकीचे ठरत नाही. प्रयोग फसला तर मुलाची एकाग्रता कमी पडली, एवढेच तो म्हणतो. उत्तरातील तांत्रिक भाग कळला नाही तरी हा फरक कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला ओळखू येतो. शंका उरलीच तर त्या क्षेत्रातील दुसऱ्या एखाद्या जाणकाराला ते अर्धे पान दाखवावे.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. तो मुलांसाठी पूर्वतयारीचा पहिला धडा होतो.

एक नमुना: औंढ्याची वेधशाळा

पूर्वतयारी म्हणजे वक्त्याचे व्याख्यान आधीच शिक्षकाने देणे नव्हे. एक तास, एक फळा आणि एखादा नेमका प्रश्न पुरतो. उदाहरणादाखल गुरुत्वीय लहरींचा विषय घेऊ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. खर्चाचा अंदाज सुमारे २६०० कोटी रुपये. साहजिकच या विषयावर व्याख्याने ठेवावीत असे मराठवाड्यातल्या शिक्षकांना वाटते. कृष्णविवरे, आइन्स्टाइन, वक्र अवकाश हे सगळे एका तासात ऐकून मुले दिपून जातात, आणि 'आपल्या औंढ्यातच ही वेधशाळा कशाला?' हा त्यांच्या जवळचा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न नववी-दहावीच्या गणिताने सुटण्याजोगा आहे. आदल्या आठवड्यात वर्गात एवढे सांगावे: अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे दोन लायगो वेधशाळा आहेत. त्यांच्यातील अंतर सुमारे ३००० किलोमीटर. गुरुत्वीय लहर प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. मग एका वेधशाळेपासून दुसरीपर्यंत जायला तिला किती वेळ लागेल? मुले भागाकार करतील: सेकंदाचा शंभरावा भाग, म्हणजे १० मिलिसेकंद. आता सांगावे की १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली गेली, तेव्हा ती लिव्हिंग्स्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोचली. दहा का नाही, सातच का?

इथे शिक्षकाने गप्प बसावे. वर्गात थोडा वेळ चुळबूळ होईल. मग कोणीतरी म्हणेल की लहर तिरकी आली असेल. दोन वेधशाळांना जोडणाऱ्या रेषेवरूनच ती आली असती तर दहा मिलिसेकंद लागले असते. रेषेला काटकोनात आली असती तर दोन्हीकडे एकाच वेळी पोचली असती. सात याचा अर्थ मधला कोन. ज्यांना त्रिकोणमिती येते ते कोसाइन ०.७ वरून सुमारे ४५ अंशांचा कोन काढतील. आता पुढचा प्रश्न: रेषेशी ४५ अंश करणाऱ्या दिशा आकाशात किती? एक नव्हे. एक काडी रेषेशी ४५ अंशांवर धरून रेषेभोवती फिरवून पाहावी. आकाशात पुरे वर्तुळ तयार होते. म्हणजे फक्त वेळेतील फरक पाहिला तर दोन वेधशाळांना स्रोत या वर्तुळावर कुठे आहे ते सांगता येत नाही. तिसरी हवी, चौथी असली तर उत्तम, आणि ती दूर, दुसऱ्या खंडावर हवी. इटलीतील व्हर्गो वेधशाळा २०१७ मध्ये निरीक्षणात सामील झाल्यावर दिशा कितीतरी नेमकी कळू लागली. औंढ्याच्या वेधशाळेचे एक मोठे प्रयोजन मुलांनी असे स्वतः शोधलेले असते.

या तयारीने सभागृहात बसलेला वर्ग वेगळा असतो. वक्ता सांगतो की चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पहिल्या लहरीने घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांश इतका होता. तयारी नसलेला वर्ग हे ऐकून टाळ्या वाजवतो. तयारी असलेल्या वर्गातला एखादा मुलगा विचारतो की जवळून मालमोटार गेली तर जमीन याहून कितीतरी जास्त हलेल, मग लहर आली हे कळणार कसे? एखादी मुलगी विचारते की लहरीने अवकाशच ताणले जाते, तर मोजायला वापरलेला प्रकाशही ताणला जाणार नाही का? हे प्रश्न संशोधकांनाही पडलेले आहेत. असा प्रश्न आला की वक्ता स्लाइड्स बाजूला ठेवतो आणि खडू हातात घेतो. त्या क्षणापासून खरे व्याख्यान सुरू होते.

नंतरचा तास

व्याख्यानानंतरच्या आठवड्यातही एक तास राखून ठेवावा. मुलांनी वह्या न उघडता तीन वाक्ये लिहावीत: काय सांगितले गेले, ते कशावरून कळले, आणि मला काय कळले नाही. तिसऱ्या वाक्यांतून निवडक पाच-सहा प्रश्न वक्त्याला पाठवावेत. वीमनच्या चाचणीनंतर पहिल्या दोन वाक्यांविषयी फार अपेक्षा ठेवू नये. पण तिसरे वाक्य नेमके असेल तर कार्यक्रम सार्थकी लागला असे समजावे. 'काहीच कळले नाही' आणि 'मालमोटारीचा धक्का आणि लहर यांतला फरक कसा ओळखतात ते कळले नाही' या दोन वाक्यांत शिक्षणाचे सारे अंतर सामावले आहे.

शिक्षकांवर आधीच कामांचा भार आहे, त्यात हे दोन तास कुठून काढायचे, असा आक्षेप येईल. त्याला माझे उत्तर असे की वर्षाला चार व्याख्याने ठेवत असाल तर दोनच ठेवा. दोन पाहुण्यांच्या शालींचा खर्च वाचेल आणि दोन विषय मुलांच्या खरोखर ओळखीचे होतील. वक्त्यांनीही आपल्या बाजूने एक नियम पाळावा. पूर्वतयारीचे अर्धे पान आणि प्रश्नांना अर्धा तास, हे कबूल असेल तरच निमंत्रण स्वीकारावे. एकविसाव्या वर्षी फॅरडेने व्याख्यानकलेवर आपल्या मित्राला लांबलचक पत्रे लिहिली. सभागृहातील हवेपासून मेजावरच्या उपकरणांच्या मांडणीपर्यंत सगळ्याचा विचार त्यांत होता, आणि एक तास कोणालाही पुरे, असे त्याचे मत होते. पुढे तो स्वतः जगातील उत्तम विज्ञानवक्त्यांपैकी एक झाला, हा योगायोग नसावा. श्रोत्याच्या बाकावर बसून त्याने व्याख्यानाचा अभ्यास केला होता.

येत्या विज्ञान दिनाचे निमंत्रण लिहायला घ्याल तेव्हा 'विषय आपल्या सोयीने ठरवावा' हे वाक्य वगळून त्याजागी वरचे तीन प्रश्न लिहून पाहा. उत्तर आले तर ते वर्गाच्या फलकावर लावा. उत्तर आलेच नाही, तर त्या दिवशी सभागृह बंद ठेवून मुलांना अंगणात काडी आणि दोरी घेऊन बसवणे अधिक चांगले.